खिडकीपाशी काय लोंबतंय

वैशाखी पौर्णिमेची खीर या घरात एकोणीस वर्षं शिजत आली होती. आधी कडावला, मग कर्जतच्या भाड्याच्या खोल्यांतून, आणि गेली दोन वर्षं दहिवलीच्या नव्या वसाहतीतल्या स्वतःच्या घरात. पण ती खायला शेजारची माणसं येणार होती ती यंदा पहिल्यांदा. काळूरामने आठ घरी स्वतः जाऊन बोलावणं केलं होतं. सात घरांनी "बघू, जमवू" म्हटलं. टिपणीसबाई तेवढ्या "येते की" म्हणाल्या, आणि या दोन शब्दांनी आमच्या अव्वल कारकुनाची पार दाणादाण उडवली.

खालापूरच्या कचेरीत अख्ख्या तालुक्याचे सातबारे ज्याच्या बोटावर, तो माणूस सकाळी सहा वाजता बनियनवर अंगणात बसून दगडांना चुना लावत होता. कचेरीच्या आवारात असतात तसे ओळीने मांडलेले पांढरे दगड, त्यांच्यामागे कुंड्या, कुंड्यांत क्रोटन. टिपणीसबाईंच्या अंगणात अगदी असंच होतं. आपल्या अंगणात मात्र सगळा आबांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, कारभार. बुधाजी आबांनी कडावहून काड्या आणून खोचल्या होत्या आणि म्हाताऱ्याच्या हाताला असा काही गुण की काडी म्हणून लावलेलं काहीही वाया गेलं नव्हतं. जास्वंद, तगर, अबोली, कुंपणाला टणटणी, कोपऱ्यात पांगारा, आणि आबांच्या खाटेशेजारच्या खिडकीवर चढलेली मधुमालती. त्यात दिवसभर बुलबुल भांडायचे, दयाळ शिट्ट्या घालायचा, आणि खाली पडवीवर त्यांची शिट पडायची. मागच्या महिन्यात काळूरामने कुंपणाची निम्मी टणटणी उपटून टाकली होती. तेव्हापासून घरातली माणसं पाखरांविषयी त्याच्यासमोर बोलत नसत, हे त्याला माहीत नव्हतं.

त्याला दुसरंच काही डाचत होतं. आठ दिवसांपूर्वी एस.टी.तून उतरून घरी येताना टिपणीसबाईंनी त्याला फाटकाशी थांबवलं होतं.

"रोकडेसाहेब, तुमच्या त्या खिडकीपाशी वेलाला काय लोंबतंय, पाहिलंत का? मी चार दिवस बघतेय."

आणि हसल्या होत्या. काळूरामच्या कानशिलांत चटका बसला. "हो, बघतो," एवढंच म्हणून तो आत सटकला होता.

काय लोंबतंय, हे त्याने पाहिलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेलाच्या फांदीला जळमटांचा एक पुंजका. सुकी पानं, सालपटं, कसलासा कचरा, सगळं कोळ्याच्या जाळ्यात गुंडाळून टांगल्यासारखं. चार दिवस बाई बघतायत! म्हणजे चार दिवस त्या मनात म्हणतायत, यांना घर मिळालं, नोकरी मिळाली, पण शेवटी हे लोक ते हेच. लहानपणी शाळेत एक मास्तर सगळ्या वर्गात फक्त काळूरामची नखं तपासायचा. त्याला आता पस्तीस वर्षं झाली. काळूराम अजून दर सकाळी घर सोडण्याआधी स्वतःची नखं बघत असे.

आठ दिवस कचेरीपायी तिथे हात पोचला नव्हता. आज चुन्याचा हात तसाच ठेवून त्याने आकडीचा बांबू उचलला, वेलात खुपसला आणि एका हिसक्यात तो पुंजका खाली आणला.

पायाशी पडलेली वस्तू इतकी हलकी होती की आवाजसुद्धा झाला नाही. काळूराम वाकला. पुंजक्याला एका बाजूला नीटस गोल दार होतं. दारावर छोटासा छज्जा. आत सावरीच्या कापसाची गादी, आणि गादीच्या बाहेर फेकली गेलेली दोन पिल्लं, नखाएवढ्या चोची, अंगावर पिसं नाहीत. एक हललं, मग तेही थांबलं. घरट्याच्या भिंतीत गुलाबी कागदाचा एक तुकडा विणलेला होता. काळूरामने तो लगेच ओळखला. खालापूर-कर्जतचं एस.टी.चं तिकीट. तो रोज खिशातून काढून फाटकाशी टाकत असे तेच.

मागच्या अंगणातून खराट्याचा आवाज येत होता. त्याची थोरली बहीण ठकूआक्का झाडत होती. पुढच्या अंगणाचा केर तिने आधीच भिंतीशी ढीग करून ठेवला होता. काळूरामने इकडे तिकडे पाहिलं. खिडकीत आबा खाटेवर डोळे मिटून पडले होते.

त्याने चपलेने पिल्लांसकट घरटं त्या ढिगात ढकललं, वर थोडी पानं लोटली, बांबू भिंतीला टेकवला आणि हात धुवायला नळावर गेला.

*

ठकूबाईला कडावहून येऊन तीनच दिवस झाले होते. नवरा गेल्यावर वर्षभर ती एकटी राहिली, आणि पुढे कुणाकडे राहायचं याचा निकाल दोघा भावांनी मागच्या महिन्यात लावला. धाकट्या सखाचं कुंभिवलीला हायवेवर पंक्चरचं दुकान, दुकानामागे एक खोली आणि खोलीत पाच माणसं. म्हणून काळूरामकडे. हिरूने, म्हणजे काळूरामच्या बायकोने, होकार दिला होता, पण त्या होकाराला शेपूट होतं. "पौर्णिमेपर्यंत राहू द्या. मग बघू." ठकूबाईला हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते तिला कळलं होतं. म्हणून तीन दिवस ती खाली बसली नव्हती.

मागचं अंगण झाडून ती पुढे आली तेव्हा उत्पला ढिगाशी गुडघ्यांवर बसली होती. काळूरामची ही पंधरा वर्षांची मुलगी आबांची अगदी सावली. खिडकीतून घरटं दिसेना म्हणून ती शोधत बाहेर आली होती. तिच्या ओंजळीत ते होतं.

"आत्या, हे तुझ्या केरात कसं गं?"

आवाज ऐकून हिरू हातातला डाव घेऊन बाहेर आली, आणि तिच्यामागून खिरीसाठी दूध घेऊन नुकताच टेंपोतून उतरलेला सखा.

"वन्सं," हिरू म्हणाली, "काल तुम्ही त्या लांब खराट्याने पडवीतली जळमटं काढलीत ना?"

"काढली की."

"मग आज खिडकीवरचीही काढलीत."

"खिडकीला मी हात नाय लावला गं. परवाच्या दिशी आबांनी दावलं मला ते घरटं. बाई किती राबती आन् बाप्या नुस्ता निळा कोट घालून हिंडतो, म्हनले."

"मग ते चालत गेलं का केरात?"

"वयनी, जरा दमानं," सखा मधे पडला. "आक्का नाय करायची आसं. शेतात टिटवीची अंडी दिसली तर आमच्या दाजींना नांगर वळवाया लावायची ती."

"तुम्ही बोलू नका भावोजी. तुमच्याकडे जागा नाही म्हणून तुम्हाला बोलायला काय जातंय?"

सखाचं तोंड एवढंसं झालं. खरंच होतं ते.

ठकूबाईचं लक्ष या भांडणाकडे नव्हतं. ती भिंतीला टेकवलेल्या बांबूकडे बघत होती. बांबूवर चुन्याची बोटं उमटली होती. चार बोटं आणि एक अंगठा, अजून ओली. तिने दगडांच्या ओळीकडे पाहिलं. मग नळाकडे. नळावर काळूराम नखं घासत होता, कधीचा घासत होता.

काळूराम आला. उत्पलाने ओंजळ पुढे केली. "बाबा, हे कुणी केलं?"

त्याने ओंजळीत पाहिलं नाही. आता बोलावं, असं त्याला एकदा वाटलं. दोन शब्दांचं काम होतं. पण पोरीचे डोळे, बायकोच्या हातातला डाव, सखा, सगळे त्याच्याकडे बघत होते आणि दहा वाजता टिपणीसबाई येणार होत्या.

"आक्का नवीन आहे इथं," तो म्हणाला. "तिला कळलं नसेल. जाऊ दे."

सोडून दिल्याच्या थाटात म्हणाला, वर. आपण किती समजूतदार, असा तो सूर त्याचा त्यालाच ऐकू आला आणि किळस आली.

ठकूबाईने भावाकडे पाहिलं. मग बांबूकडे गेली आणि जागेवर ठेवायच्या निमित्ताने पदराने तो वरपासून खालपर्यंत पुसून काढला.

"आसंल बाबा," ती म्हणाली. "माझंच चुकलं आसंल. म्हातारपनी दिसत नाय नीट. पोरी, रडू नको गं."

"म्हणूनच मी म्हणत होते," हिरू आत जाता जाता म्हणाली, "गावाकडची रीत वेगळी, इथली वेगळी."

ठकूबाईने खराटा भिंतीशी उभा केला. आत जाऊन आपली दोन लुगडी पिशवीत भरली आणि पिशवी उंबऱ्याशी ठेवली. कडावची गाडी बाराला होती. वंदना झाली, खीर वाढून झाली की निघायचं, असं तिने ठरवून टाकलं.

*

बुधाजी आबांनी डोळे मिटले होते ते झोपेने नव्हे.

वर्षापूर्वी अर्धांगाच्या झटक्याने डावी बाजू गेली तेव्हापासून ही खाट, ही खिडकी आणि खिडकीतला वेल, एवढंच त्यांचं जग. घरट्याचा पहिला धागा त्यांनी पाहिला होता. शिंजीर या फुलांतला मध पिणाऱ्या इवल्या पाखराच्या मादीने तो कुठूनतरी कोळ्याच्या घरातून चोरून आणलेला. उत्पलाशी त्यांचा करारच झाला होता की बापाला सांगायचं नाही, तो साफसफाई काढील. आज पहाटे ते मादीची पहिली फेरी बघत होते, तेवढ्यात बांबू वर आला. हाक मारायला तोंड उघडेपर्यंत सगळं झालं होतं. मग त्यांनी मुलाला ढिगाशी उभं पाहिलं, इकडे तिकडे बघताना पाहिलं, आणि आपली नजर त्याला भेटू नये म्हणून डोळे मिटून घेतले. मुलाची लाज बापाला बघवली नाही.

आता मादी परत परत येत होती. चोचीत काहीतरी वळवळणारं धरून ती फांदीशी थांबे, हवेत जागच्या जागी फडफडे, घरटं नाही म्हणून जास्वंदीवर जाऊन बसे, आणि पुन्हा येई. आबांनी मान फिरवली, पण आवाज तर येत होताच.

दहाला टिपणीसबाई आल्या. पांढरी स्वच्छ साडी, हातात अनंताची फुलं, आणि गळ्यात चक्क दुर्बीण. मिस्टर जंगलखात्यात होते, त्यांची. आल्या त्या बैठकीत न बसता थेट आबांच्या खोलीत शिरल्या.

"इथून सगळ्यांत जवळून दिसेल असं वाटलंच होतं मला. रोकडेसाहेब, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं ना, काय लोंबतंय ते? कसले भाग्यवान हो तुम्ही! शिंजीर खिडकीत येऊन घरटं करतो म्हणजे काय! माझ्याकडे मेले ते क्रोटन आणि चुन्याचे दगड. मिस्टरांची हौस होती, म्हणून ठेवलेत. त्यांवर माशीसुद्धा बसत नाही. मी हिरूताईंकडे आबांच्या टणटणीची एक काडी मागणार आहे."

काळूराम दारात उभा होता. आठ दिवस तो ज्या हसण्याने जळत होता, ते हसणं हे होतं. बाई घाण बघत नव्हत्या. घाण बघत होता तो स्वतः, स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच बापाच्या वेलावर.

बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली, काढली. पुन्हा लावली.

"अगंबाई. कुठे गेलं?"

उत्पला भिंतीकडे तोंड करून उभी होती. हिरूची नजर उंबऱ्याशी बसलेल्या नणंदेकडे वळली, तोंड उघडलंही, आणि तेवढ्यात आबा बोलले.

"वाऱ्यानं पडलं बाई. पहाटं. म्या बगितलं ना."

वैशाखातली सकाळ. अंगणात पान हलत नव्हतं. टिपणीसबाईंनी वेलाकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि शहाण्या बाईसारख्या गप्प राहिल्या.

काळूरामने मात्र बापाकडे पाहिलं. 'म्या बगितलं.' म्हणजे आबा जागे होते.

*

वंदना काळूरामच सांगत असे. तो एक ओळ म्हणायचा, मागून सगळे. पण घरातला मोठा आवाज आबांचा. छप्पन साली शपथ घेतल्यापासून त्यांनी दोन गोष्टी कधी सोडल्या नव्हत्या. मेलेलं जनावर ओढायला पुन्हा हात लावला नाही, आणि पंचशील म्हणताना आवाज दाबला नाही. कडावला ते म्हणू लागले की वरच्या आळीला ऐकू जायचं, आणि ऐकू जावं म्हणूनच ते तसं म्हणायचे. इथे आल्यापासून काळूरामला त्याचा संकोच वाटे. काल संध्याकाळी त्याने सांगूनही ठेवलं होतं, "आबा, उद्या बाहेरची माणसं आहेत. जरा हळू म्हणा."

आबांची खाट उचलून बैठकीत आणली. तसबिरींपुढे मेणबत्त्या लागल्या. तगर, जास्वंद, बाईंचा अनंत, सगळी फुलं वाहिली. फाटकाशी आणखी दोन जोडपी येऊन आत यावं की नाही अशा विचारात उभी होती. एरवी काळूराम धावत गेला असता. आज तो पुढ्यात वंदनेची पोथी उघडून, हात जोडून तसाच उभा राहिला.

पहिलं शील प्राणिहिंसा न करण्याचं. "पाणातिपाता..." त्याने सुरू केलं. पायाशी पडलेली ती दोन पिल्लं त्याच्या डोळ्यांपुढे आली. ती चूक होती, अजाणता झाली, असं त्याने मनाशी म्हटलं आणि ओळ कशीबशी पुरी केली. मागून सगळे म्हणाले. आबाही म्हणाले, सांगितल्याप्रमाणे हळू. दुसरं झालं. तिसरं झालं.

चौथं खोटं न बोलण्याचं.

"मुसावादा वेरमणी..." काळूरामने म्हटलं. मागून हिरूचा आवाज आला, सखाचा आला, आक्काचा आला. काहीतरी कमी होतं. त्याने मागे पाहिलं. आबांचे ओठ बंद होते. उजवा हात छातीशी होता, डोळे उघडे होते, आणि ओठ बंद.

उत्पलाने वाकून विचारलं, "आबा, म्हणा ना. दमलात का?"

"नाय गं," आबा म्हणाले. "आज ह्ये माझ्यानं म्हनवनार नाय. पाचवं म्हनंन. ह्ये नाय."

"का?"

"खोटं बोल्लो ना मी आत्ताच. लगेच कसं म्हनू?"

हिरूला काही उमगेना. ठकूबाईने मान खाली घातली. एकोणीस वर्षं न चुकलेली ओळ बापाने आज गिळली होती, आणि ती कुणासाठी, हे त्या खोलीत दोन माणसांना माहीत होतं. तीन, आक्का धरून.

काळूरामने पोथी मिटली.

"घरटं मी पाडलं," तो म्हणाला. आवाज इतका लहान निघाला की त्याला पुन्हा बोलावं लागलं. "मी पाडलं, बांबूने. मला ते जळमट वाटलं. बाई, तुम्ही विचारलंत ना, मला वाटलं तुम्ही आमची घाण काढताय. पिल्लं बघितली, आणि मग मी ते आक्काच्या केरात लोटलं. आक्कावर जाऊ दिलं. पोरीनं तोंडावर विचारलं तरी जाऊ दिलं."

टिपणीसबाईंचा हात तोंडावर गेला. "अहो, मी... मला तसं..." त्यांनाही कुठेतरी लागलं होतं.

काळूराम उंबऱ्याशी गेला आणि बहिणीपुढे खाली बसला. "आक्का, तुला ठाऊक होतं?"

"बांबूवर तुझी बोटं हुती रं."

"मग बोलली का नाय?"

"चार मानसांत धाकट्या भावाला उघडा पाडू?" ठकूबाई म्हणाली. "पन काळू, मला लई लागलं. त्या पाखराचं नाय म्हनत मी. माझं म्हनतेय. जन्म झाडन्यात गेला माझा. दुसऱ्याची घान माझ्या नावावर लय येळा पडली. घरच्यानं टाकली ती आज."

तो तसाच बसून राहिला, चाळीस माणसांना हाताखाली वागवणारा माणूस, बहिणीच्या पायांकडे बघत. नखांत चुना अजून होता.

हिरू उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. तिने उंबऱ्याची पिशवी उचलली, आतल्या खोलीत नेली, आणि लुगडी एकेक करून स्वतःच्या दोरीवर टाकली. बाहेर येऊन म्हणाली, "वन्सं, खीर ढवळायला या. माझ्या हातची बुडाला लागते." माफी तिला मागता येत नसे, तिला येत होतं ते तिने केलं.

उत्पला मात्र बापाकडे बघायला तयार नव्हती. ते काही एका दिवसाचं काम नव्हतं, आणि काळूरामलाही ते कळत होतं.

"काळू," खाटेवरून आबांनी हाक मारली. "ऊठ. चौथं ऱ्हायलंय."

"आबा, मी कसं सांगू आता? मला तोंड नाही."

"तू नको सांगू. मी सांगतो. तू माझ्यामागं म्हन."

म्हाताऱ्याने छाती भरून श्वास घेतला आणि चौथं शील म्हटलं, ते कडावला म्हणत असत तसं, वरच्या आळीला ऐकू जाईल असं. खिडकीशी आलेली शिंजीरची मादी दचकून पांगाऱ्यावर गेली. फाटकातली माणसं वळून बघायला लागली.

काळूराम हात जोडून बापासमोर उभा राहिला आणि तेवढ्याच मोठ्याने त्याच्यामागून म्हणाला.